आधी कळणारे आकडे, मागाहून कळणारे आकडे

वार्षिक अहवाल हाती आला, की देणगीदारांची दृष्टी प्रथम शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग व मृत्यू यांच्या कोष्टकांकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ३१ मार्चचा ताळेबंद जसा होऊन गेलेल्या वर्षाचा हिशेब सांगतो, तसेच हे आकडेही मागाहून कळणारे असतात. व्यवस्थापनशास्त्रात त्यांना ‘लॅगिंग इंडिकेटर’ म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्गाचेच पाहा. तो झाला की नाही, यावर साधारणतः ३० दिवस लक्ष ठेवावे लागते. खुब्याचा वा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवस. तोवर त्याच शस्त्रक्रियागृहात आणखी कित्येक रुग्ण येऊन गेलेले असतात. याउलट, छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक योग्य वेळी दिले गेले का, रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ केले का, हे त्याच दिवशी कळते आणि त्याच दिवशी सुधारता येते. हे ‘लीडिंग इंडिकेटर’.

मात्र आधीच्या आकड्याचा नंतरच्या आकड्याशी संबंध सिद्ध झालेला हवा. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये दर शंभरांमागे सुमारे १८ माता दगावल्या. मे महिन्यात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. हात धुण्याचे मोल मृत्यूच्या नोंदवहीनेच पटविले.

जागतिक आरोग्य संघटनेने हस्तस्वच्छतेच्या द्रावणाचा खप दर १००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर असावा, असे प्रमाण सुचविले आहे. हा आकडा भांडाराच्या वहीतून निघतो, म्हणून आम्हां हिशेबनीसांना तो विशेष प्रिय! परंतु बाटली रिकामी झाली म्हणजे हात स्वच्छ झालेच असे नव्हे. आणि निरीक्षक समोर असला की सर्वच जण अधिक दक्ष होतात. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. संसर्ग-नियंत्रण परिचारिकेच्या वेतनावर लावता येत नाही. तरीही खर्चाला कात्री लावताना विश्वस्तांनी ही बाब शेवटी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णांच्या आप्तस्वकीयांना एक विनंती. घरी गेल्यावर जखम लाल झाली, पू आला वा ताप भरला, तर त्वरित कळवावे. उपचार अन्यत्र घेतले असले, तरीही संकोच न करता सांगावे. अन्यथा आमचे संसर्गाचे कोष्टक, केवळ माहिती न आल्यामुळे, निष्कलंक दिसत राहते.