साखळी, ओढा आणि पूर्वज : जमिनीचे जुने कागद कसे वाचावेत

पुराव्याविषयी आपण बोलतो आहोत, तर आज एक प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटकीच्या जंगलात वस्ती करायला गेलेल्या एखाद्या माणसाचा वंशज आज त्याचा माग काढतो आहे, असे समजा. जन्ममृत्यूची सरकारी नोंद तेव्हा तिथे नव्हती. अमेरिकेची पहिली जनगणना 1790 सालची, आणि 1840 पर्यंत त्या गणनांत नाव लिहीत ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. मग हाताशी उरते काय? जमीन.

केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचा भाग होता. जमीन मिळवायच्या पायऱ्या चार : आधी हक्कपत्र, मग 'अमुक जागा हवी' अशी नोंद, मग मोजणी, आणि शेवटी सनद. हक्कपत्र विकताही येई, त्यामुळे पहिल्या कागदावरचा माणूस आणि शेवटच्या कागदावरचा माणूस एकच असेल असे नाही. चारही कागद पाहावे लागतात.

मोजणी साखळीने होई. गंटरची साखळी 66 फुटांची. तिच्या निम्म्याचा, म्हणजे 33 फुटांचा चौरस काढला की आपला गुंठा होतो, इतके हे माप आपल्या ओळखीचे आहे. सीमा मात्र झाडांनी आणि ओढ्यांनी सांगत : खुणेच्या ओकपासून पूर्वेला इतके पोल, तिथून अमक्याच्या हद्दीपर्यंत. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच म्हणा ना!

आता एक खरा कागद बघू. 7 मे 1785 रोजी जेफरसन परगण्यात लाँग रन या ओढ्यावर 400 एकरांची मोजणी झाली. मालकाचे नाव लिहिले आहे 'अब्राहम लिंकहॉर्न'. हे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे आजोबा. म्हणजे 'लिंकन' एवढेच शोधत बसलो असतो तर हा कागद हातून निसटला असता. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. तेव्हा आडनाव डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधायचे.

त्याच कागदावर साखळी धरणाऱ्या दोघांची नावे आहेत : अनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन. साखळी धरायला माणूस लांबून कोण आणणार? घरचे, शेजारचे लोकच येत. आजोबांच्या एका मुलाचे नावही जोसायाच होते. पण इथे जरा थांबा. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे होत नाही. वय, ठिकाण, दुसरा कागद, यांची साथ मिळेपर्यंत तो तर्कच.

पुढच्याच वर्षी, 1786 मध्ये, आजोबा मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. मृत्युपत्र नव्हते. त्या वेळच्या कायद्याने जमीन थोरल्या मुलाकडे, मॉर्डेकायकडे गेली. धाकटा थॉमस, राष्ट्राध्यक्षांचा बाप, वारस म्हणून कागदावर नाही. म्हणून तो मुलगाच नव्हता काय? कागद गप्प का आहे, हे त्या काळच्या कायद्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

थॉमसने पुढे केंटकीत जमिनी घेतल्या, पण एकावर एक चढलेल्या मोजण्यांमुळे तिथे कोणाचाच हक्क पक्का नव्हता. 1816 साली तो इंडियानात गेला. तिथे केंद्र सरकारने 1785 च्या कायद्यानुसार चौकोनी मोजणी आधीच केलेली होती, 640 एकरांचा एकेक चौकोन. कुटुंब का हलले, याचे एक मोठे कारण असे मोजणीच्या पद्धतीतच सापडते.

खरेदीखते वाचताना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' या दोन्ही सूची पाहाव्यात. नवरा जमीन विकताना बायकोची संमती तिला बाजूला घेऊन विचारत. तिचे नाव पुष्कळदा तेवढ्याच ओळीत भेटते. पाच-सहा जण मिळून एकच तुकडा विकत असतील, तर बहुधा बाप वारलेला असतो आणि ही भावंडे असतात. साक्षीदार आणि बांधालगतचे शेजारीही उतरवून घ्या. सासर-माहेर त्यांतूनच उलगडते.

हे लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही नातवंडांसाठी इतिहास लिहायचा नव्हता. हद्द ठरवायची होती. म्हणूनच नात्यांविषयी त्यांनी सहज लिहिलेल्यावर आपण अधिक विश्वास ठेवतो. पण हद्द कोणी ठरवली, हेही विसरू नये. शॉनी आणि चेरोकी लोक या भूमीवर आधीपासून वावरत होते, ते या मोजण्यांत मालक म्हणून नाहीत. गुलाम केलेली माणसे आहेत, पण मालमत्ता म्हणून, बहुतेकदा नुसत्या पहिल्या नावाने. त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजाची लेखी खूण कधीकधी दुसऱ्याच्या खरेदीखतातच मिळते. तेव्हा असा कागद हाती आला, तर आपले नाव सापडल्यावर तो मिटू नका. उरलेली नावेही उतरवून ठेवा. ती कोणीतरी शोधत असेल.