जवाची शोचू आणि ती पिण्याची रीत

१५५९ साली जपानच्या दक्षिणेस, आजच्या कागोशिमा प्रांतात, हाचिमान देवाच्या एका देवळाचे काम चालू होते. तेथील दोघा सुतारांनी एका लाकडावर आपली तक्रार लिहिली आणि ते लाकूड देवळाच्या बांधणीत दडवून ठेवले. तक्रार अशी, की देवळाचा मुख्य मोठा कंजूष, त्याने एकदाही शोचू पाजली नाही. चारशे वर्षांनी दुरुस्तीत ते लाकूड हाती लागले. शोचूचा जपानातील सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख तो हाच. आम्ही उभा जन्म मागणीपत्रे लिहिण्यात घालविला. पण इतके टिकाऊ मागणीपत्र आमच्या हातून झाले नाही.

शोचू म्हणजे गाळलेली दारू. ती तांदळाची होते, रताळ्याची होते, तशी जवाचीही होते. जवाच्या शोचूची दोन ठाणी प्रसिद्ध आहेत : नागासाकी प्रांतातील इकी बेट आणि क्यूशूच्या पूर्व किनाऱ्यावरील ओइता प्रांत. इकीचे लोक सांगतात, की पूर्वी सारा तांदळात द्यावा लागे. शेतकऱ्याच्या घरी उरे तो जव, आणि त्याचीच दारू होई. तेथे आजही दोन भाग जव व एक भाग तांदळाची कोजी असे प्रमाण आहे, आणि १९९५ पासून इकीच्या नावाला भौगोलिक संरक्षण मिळाले आहे. ओइताकडे कोजीही जवाचीच करतात.

ही कोजी म्हणजे काय? बियर व व्हिस्कीसाठी जवाला मोड आणतात. त्या मोडांमुळे धान्यातील पिठाची साखर होते. जपानी लोक तेच काम बुरशीकडून करून घेतात. वाफवलेल्या धान्यावर बुरशी पेरून सुमारे दोन दिवस उबेत ठेवले, की कोजी तयार होते. तीत पाणी व किण्व घालून आंबवितात, मग उरलेला वाफवलेला जव घालून पुन्हा आंबवितात. शोचूची पांढरी बुरशी लिंबातले आम्ल तयार करते, म्हणून क्यूशूच्या उबदार हवेतही आंबवण नासत नाही. शेवटी ते एकदाच गाळतात. वारंवार गाळले तर धान्याचा वास निघून जातो. एकदाच गाळल्याने भाजल्या जवाचा मंद वास पेल्यात उतरतो. कोजीवर आधारित ही पारंपरिक विद्या २०२४ साली युनेस्कोच्या यादीत आली.

आता पिण्याची रीत. बाटलीतल्या शोचूत मद्यार्क बहुधा शेकडा २५ असतो. सहा भाग शोचूला चार भाग पाणी घातले, की तो १५ वर येतो. थंडीत गरम पाणी घ्यावे. पण पेल्यात आधी पाणी व मग शोचू. ऊन पाणी वर चढते, गार शोचू खाली उतरते, आणि ढवळल्यावाचून दोन्ही मिसळतात. उन्हाळ्यात बर्फ किंवा सोडा चालतो. काही जण आदल्या दिवशीच पाणी मिसळून ठेवतात, म्हणजे चव मऊ होते. सोबत जेवण हवे. ही दारू मासळीच्या, भाजीच्या आड येत नाही.

दक्षिण क्यूशूत संध्याकाळच्या पेल्याला एक शब्द आहे, ‘दारेयामे’. ‘दारे’ म्हणजे थकवा, ‘यामे’ म्हणजे थांबणे. हा शब्द ऐकला, की आम्हांला आमचे सोबती आठवतात. पगाराच्या दिवशी गुत्त्यात उभ्याउभ्या, पाणी न घालता, उपाशी पोटी घशात ओतणारे. त्यांतल्या काहींना आम्ही खांदा दिला आहे. थकवा त्यांचाही खराच होता; पण त्यांना घटकाभर बसायला जागा नव्हती, आणि समोर ताटही नव्हते.

जो पीत नाही त्याने हे वाचून सुरुवात करावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जो पितो त्याने बसून, जेवणाबरोबर, पाणी घालून, एक पेला घ्यावा आणि शुद्धीत घरी जावे. त्या दोघा सुतारांनी तरी आणखी काय मागितले होते? दिवसाचे काम संपल्यावर कोणी तरी आपल्याला माणूस समजून एक पेला पुढे करावा, एवढेच.