घोड्यावर लेक बसवण्याआधी जीन बघा

 

१२ जानेवारी आली की आपल्या भागात लगबग सुरू होते. १५९८ साली याच दिवशी शेजारच्या सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला. जयंतीच्या मिरवणुकीत, पुढे १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला, आपल्या लेकी नऊवारी नेसून, फेटा बांधून घोड्यावर बसतात. घोडा बहुधा भाड्याचा असतो आणि ठरवायचं काम पुष्कळदा बचत गटाकडे येतं. आपण घोड्याचा रंग बघतो, झूल बघतो, भाडं किती ते विचारतो. झुलीखालचं जीन मात्र कोणी बघत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

बैलाचं दुखणं आपल्याला कळतं. जू नीट बसलं नाही की खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो ते उगाच नाही. बैलाला जसं जू, तसं घोड्याला जीन. बसणाऱ्याचा भार पाठीच्या कण्यावर पडू न देता कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर वाटून देणं, हे जिनाचं खरं काम. भार हाडावर आला की कातडी सोलते, जखम होते. दुखऱ्या पाठीचा घोडा बँड वाजला की बिथरतो, आणि वर आपली पोर असते.

म्हणून घोडा ठरवताना मालकाला आधी झूल आणि जीन उतरवायला सांगा. पाठीवर तळहात फिरवा. सूज, खपली, ओली जखम असेल तर तो घोडा नको. हात लागताच त्याने पाठ खाली दबवली, कान मागे पाडले, तरी समजा की दुखतंय. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर मधेच पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथे पूर्वी जीन लागलेलं असू शकतं.

आता झुलीशिवाय नुसतं जीन ठेवायला सांगा. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधे हाडाचा उंचवटा असतो. जिनाची पुढची कमान त्याला टेकता कामा नये. मधे दोन-तीन बोटं उभी शिरली पाहिजेत, आणि तीही माणूस वर बसल्यावर. मागून वाकून पाहिलं तर कण्यावर आरपार उजेड दिसावा. जीन खांद्याच्या फऱ्यावर चढलेलं नको, नाहीतर पाय पुढे टाकताना दर पावलाला फरा अडतो. मागे ते शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. तिथून पुढे कमरेला भार पेलत नाही. पोटाखालचा तंग कोपरापासून चार बोटं मागे असावा आणि कातडीला चुण्या पडू नयेत.

बिनकामाची माणसं गोळा केली की आपण त्याला खोगीरभरती म्हणतो. पण खऱ्या खोगिरातली भरती फार कामाची. ती सारखी, मऊ हवी. तळहाताने दाबून बघा. गोळे झाले असतील तर प्रत्येक गोळा पाठीत खडा टोचावा तसा टोचतो. जीन बसत नाही म्हणून खाली आणखी गोधडी घालणं हा उपाय नाही. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर पाय आणखी आवळतो, तसंच ते.

आता लेकीकडे वळू. बसल्यावर तिच्या पुढे आणि मागे साधारण चार-चार बोटं जागा उरावी. जीन फार मोठं असेल तर ती पुढे-मागे घसरते, तोल सावरायला लगाम ओढते आणि घोड्याचं तोंड दुखतं. रिकिबीचा पट्टा मोजायची सोपी रीत आहे. पट्टा जिनाला जोडलाय तिथे बोटांची टोकं ठेवायची आणि रिकीब हाताखाली काखेकडे ताणायची. रिकिबीचं बूड काखेला लागलं तर माप जवळपास बरोबर.

मोठ्यांच्या रिकिबीत लहान पाऊल आरपार शिरतं. पोर पडली आणि पाऊल अडकलं तर ती फरफटत जाईल. पट्टा आखूड होत नसेल तर त्याच्या वेढ्यात पाय अडकवू नका. पाय मोकळे सोडा आणि दोन्ही बाजूंना एकेक जाणतं माणूस चालू द्या. पडू नये म्हणून पोरीला जिनाला बांधणं तर मुळीच नको. नऊवारीचा काष्टा पक्का असावा, पदराचं टोक खाली लोंबू नये.

वजनाचाही हिशेब धरा. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको, असं साधारण धरतात. ३०० किलोचा घोडा असेल तर जिनासकट ६० किलो. म्हणजे एका घोड्यावर एकच मुलगी.

यात कायदाही आपल्या बाजूने आहे. ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये, यासाठी १९६५ साली केंद्राचे नियम झाले. खांद्यांमधला उंचवटा आणि जिनाची कमान यांत पुरेशी मोकळी जागा हवी, हे त्यांत लिहिलेलं आहे. पण घोडेवाल्याशी भांडायला जाऊ नका. घोडा जखमी झाला तर त्याचीही रोजी बुडते. "दादा, बसणारी पोर लहान आहे, लहान जीन बघा," असं आठ दिवस आधी सांगा. मिरवणुकीच्या सकाळी सांगून उपयोग नसतो.

मिरवणूक संपली की जीन उतरवताना पाठीकडे पुन्हा बघा. दोन्ही बाजूंना घाम सारखा असेल तर जीन नीट बसलं होतं. चहूकडे ओलं आणि मधेच एखादा कोरडा चट्टा दिसला, तर तिथे दाब जास्त पडला असण्याची शक्यता असते. तो चट्टा मालकाला दाखवा आणि गटाच्या वहीत नोंद करा, म्हणजे पुढच्या वर्षी घोडा ठरवताना कामी येईल.