तिथीची पाऊणपट

मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला जुन्या कोळ्याला छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज हे वेळापत्रक पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं, त्यामुळे होडी आज पहाटे सुटली तर चार दिवसांनी ती सुटायची वेळ वेगळीच असते.

लहान मासेमारीचा सारा हिशोब या पाण्यावर बसवलेला आहे. कुलाब्यापासून वर्सोवा-वसईपर्यंत वापरलं जाणारं डोल जाळं बघा. समुद्रतळात खुंट ठोकून त्यांना हे निमुळतं, पिशवीसारखं जाळं बांधतात. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठी, शेपटाकडे ती बारीक होत जातात. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत येतात. पाणी वळायच्या आधी जाळं उचलायचं आणि मासळी होडीत घ्यायची. यात माशांचा पाठलाग नसतो, म्हणून डिझेल कमी लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबरदस्त, तेव्हा हंगाम असला तर जाळं भरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी मंद. मग ते दिवस जाळी विणायला आणि होडीच्या डागडुजीला.

मिळकतीची वाटणी हा या धंद्याचा दुसरा आधार. पुष्कळ ठिकाणी खर्च वजा जाता उरलेल्या पैशाचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, माणसांचे. प्रमाण बंदरागणिक बदलतं. पण रिकाम्या खेपेचा फटका एकट्या नाखव्यावर पडत नाही आणि भरलेल्या खेपेत खलाशाचाही वाटा वाढतो. अनिश्चित समुद्रावर ठरावीक पगारापेक्षा मला ही व्यवस्था जास्त शहाणी वाटते.

मासळी किनाऱ्याला लागली की सूत्रं बायकांच्या हाती जातात. बोंबलाच्या अंगात पाणी फार, तो लगेच खराब होतो. विकून उरलेला बोंबील वलांडीवर चढतो: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत तो खडखडीत वाळतो. भाव पडलेल्या दिवसाची मासळी अशी साठवून ठेवता येते. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते; त्याआधी गिरगाव-लालबागच्या घरांत अगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, सुके बोंबील, सोडे, जवळा भरला जातो आणि त्या पैशावर कोळणीचं घर पावसाळा काढतं.

पण वलांडीला मोकळी जागा हवी, विकायला ओटा हवा. लालबागला हे 1932 साली कळलं. पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि कोळी व इतर विक्रेते उघड्यावर आले. कायमच्या जागेसाठी त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि 1934 मध्ये तिथे गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. आज लाखोंची रांग लागते. तिच्या मुळाशी मासळीच्या पाटीला हवी असलेली जागा आहे.

वरळी कोळीवाड्यात प्रश्न समुद्रात जायच्या वाटेचा आला. सागरी किनारा मार्गाच्या आराखड्यात क्लीव्हलँड बंदराजवळच्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर होतं. कागदावर ते ऐसपैस दिसतं. पण वाऱ्यात आणि ओढीत लहान होडी सरळ जात नाही, आडवी सरकते. समोरून दुसरी आली, इंजिन बंद पडलं, तर खांबावर आदळायची भीती. कोळीवाड्याच्या मच्छीमार संस्था न्यायालयात गेल्या, समुद्रातलं काम अडवलं. डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून अंतर 120 मीटर करायचं ठरलं. मागणी याहून मोठी होती, तरी हे मिळालं ते संस्था होत्या म्हणूनच. एकेकट्या होडीवाल्याचं कोणी ऐकलं नसतं.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर मात्र कोणाची सोसायटी नसते. तिथे बायका कोयत्याने कालवं फोडतात, खेकडे, शिंपल्या गोळा करतात; होडी बंद असलेल्या दिवशी चूल त्यावर पेटते. भराव पडला की हे खडक जातात. भरपाई ठरवताना होडीचा नोंदणी क्रमांक दाखवता येतो, पण खडकावर बसून काढलेल्या कालवांची पावती कोणाकडे असणार? 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करायला सांगितलं होतं. अशा नकाशांवर घरांच्या सीमेबरोबर वलांड्या, होड्या ओढायची वाळू, कालवांचे खडक आणि समुद्राकडे जाणारी गल्लीही दाखवली पाहिजे. मोजणीला येणाऱ्याने ओहोटीची वेळ धरूनच यावं. भरतीला आला तर त्याला खडक दिसायचेच नाहीत.