गैरहजर म्हणजे नापास नव्हे, पण पासही नव्हे!

निकालपत्रात पास आणि नापास यांच्याशिवाय आणखी एक शेरा असतो, 'गैरहजर'. पेपरच दिला नाही तर विषय किती येतो ते कळणार कसं? सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्येही हा तिसरा शेरा असतो. तो विसरल्यामुळे गेल्या सेमिस्टरला माझी चांगलीच फजिती झाली!

आमचा मिनी प्रोजेक्ट तसा साधा होता. पनवेलच्या पावसाच्या रोजच्या नोंदी फाईलमधून वाचायच्या आणि महिन्याची बेरीज काढायची. हवा असेल तर 'मॅटप्लॉटलिब' वापरून आलेख, हवी असेल तर 'ओपनपायएक्सएल' वापरून एक्सेल शीट. भाषा पायथन. यात बेरीज हा गाभा, बाकी दोन्ही ऐच्छिक. वडापावात पाव नसेल तर तो वडापावच नव्हे. पण सुकी चटणी संपली म्हणून कोणी गाडी बंद करत नाही. या चटणीसारख्या पॅकेजला 'ऑप्शनल डिपेन्डन्सी' म्हणतात.

आम्ही 12 टेस्ट एकाच फाईलमध्ये लिहिल्या होत्या आणि दोन्ही पॅकेजेस फाईलच्या अगदी वरच इम्पोर्ट केली होती. लॅबच्या पीसीवर मॅटप्लॉटलिब नव्हतं. झालं! पहिल्याच ओळीत एरर आली आणि बेरजेच्या टेस्टसुद्धा चालल्या नाहीत. एक मुलगा आला नाही म्हणून अख्ख्या वर्गाची परीक्षा रद्द, असा हा प्रकार.

घरी येऊन मी 'हुशारी' केली. प्रत्येक टेस्टमध्ये ट्राय-एक्सेप्ट घातलं: पॅकेज मिळालं नाही तर गुपचूप परत फिर. लॅपटॉपवर रन केलं, 12 पैकी 12 पास! मी खूश. पण त्याच आठवड्यात लॅपटॉप फॉरमॅट केला होता आणि ओपनपायएक्सएल परत टाकायचं राहिलं होतं. म्हणजे एक्सेलची टेस्ट काहीच न तपासता 'पास' म्हणत होती. दुसऱ्या दिवशी डेमोला लॅबच्या पीसीवर एक्सेल शीट उघडली, तर तारखेच्या कॉलममध्ये पाऊस आणि पावसाच्या कॉलममध्ये तारीख! आदल्या रात्री मीच कॉलमचा क्रम बदलला होता. सरांनी शांतपणे विचारलं, "टेस्ट केलं होतं ना?" काय उत्तर देणार?

मग नीट शोधलं. उपाय जुनाच आहे. पायथनच्या 'युनिटटेस्ट'मध्ये 2010 साली आलेल्या 2.7 आवृत्तीपासून टेस्ट 'स्किप' करायची सोय आहे. 'पायटेस्ट'मध्ये तर 'इम्पोर्टऑरस्किप' नावाचं तयार फंक्शन आहे. पॅकेज असेल तर ते इम्पोर्ट करून देतं, नसेल तर टेस्टपुढे 'स्किप्ड' असा शेरा मारतं. फक्त ते कुठे लिहिलंय ते महत्त्वाचं. टेस्टच्या आत लिहिलं तर तेवढीच टेस्ट गैरहजर. फाईलच्या वरच्या भागात लिहिलं तर अख्खी फाईल गैरहजर.

याचं चांगलं उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात तयार झालेलं 'पायएसपीएच' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पाण्यासारख्या द्रवाला असंख्य कणांमध्ये मांडून त्याच्या प्रवाहाचं गणित करतं. 2021 साली त्यावरचा पेपर एसीएमच्या गणिती सॉफ्टवेअरच्या जर्नलमध्ये आला. त्याला नमपाय आणि सायथन लागतातच. पण ग्राफिक्स कार्डवर चालवायचं असेल तरच 'पायओपनसीएल', अनेक कॉम्प्युटरवर वाटून चालवायचं असेल तरच एमपीआय. तुमच्या-माझ्या साध्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्डच्या टेस्ट नापास दाखवणं अन्याय, आणि पास दाखवणं थाप. म्हणून तिथे 'इम्पोर्टऑरस्किप' वापरलेलं आहे.

पण 'स्किप' म्हणजे जादूची कांडी नव्हे. पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर ती टेस्ट जन्मभर गैरहजर राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही! शिवाय पॅकेज नसणं वेगळं आणि असून मोडकं असणं वेगळं. पूर्वी 'इम्पोर्टऑरस्किप' दोन्ही प्रकार मुकाट्याने सोडून द्यायचं. 2024 मध्ये आलेल्या पायटेस्ट 8.2 पासून मोडक्या पॅकेजसाठी ते वॉर्निंग देतं.

तेव्हा मी स्वतःसाठी तीन नियम केलेत. एक, पायटेस्ट चालवताना 'मायनस आरएस' हा पर्याय द्यायचा, म्हणजे कोणती टेस्ट का सुटली याची यादी शेवटी मिळते. दोन, टेस्ट दोन ठिकाणी चालवायच्या: एकदा सगळी ऐच्छिक पॅकेजेस टाकलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, एकदा एकही नसलेल्या. पहिल्या ठिकाणी एकही स्किप दिसता कामा नये. तीन, पॅकेज नसताना प्रोग्राम कसा वागतो याचीही टेस्ट लिहायची. आमचा प्रोग्राम आता 'एक्सेलसाठी ओपनपायएक्सएल टाका' असं सांगतो आणि बेरीज मात्र बिनचूक देतो.

हे सगळं केल्यावर लॅपटॉपवर निकाल आला: 11 पास, 1 स्किप्ड. दिसायला 12 पैकी 12 पेक्षा कमीच! पण त्या एका स्किपमुळेच मला ओपनपायएक्सएल टाकायची आठवण झाली. टाकलं, टेस्ट पुन्हा चालवली आणि ती चक्क नापास झाली. कॉलमची चूक तिथेच तर होती! डेमोच्या आदल्या रात्री ती नापास झाली असती, तर सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं.