प्रवरेकाठचा सामाईक कारखाना

सह्याद्रीच्या कुशीत भंडारदऱ्याला अडविलेले प्रवरेचे पाणी १९२६ च्या सुमारास कालव्यांतून खालच्या पठारावर बारमाही खेळू लागले, तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या अवर्षणग्रस्त मुलखाचे दैन्य आता फिटले, असे कोणालाही वाटावे. परंतु शेतात पाणी आले म्हणजे घरात लक्ष्मी येतेच असे नाही, हे तिथल्या बागाइतदाराला पुढची वीस-पंचवीस वर्षे सोसून शिकावे लागले. ऊस हे मोठ्या भांडवलाचे पीक आहे. बेणे, खत, मजुरी, सरकारची पाणीपट्टी असा खर्च लागणीच्या दिवसापासून सुरू होतो आणि आडसाली ऊस तोडणीला यायला सोळा-अठरा महिने लागतात. तेवढा काळ निभावण्यासाठी शेतकरी सावकाराच्या किंवा अडत्याच्या ओसरीवर जाई आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच पेढीवर पुढे गूळ नेऊन घाली.

तो गूळ कसा होई, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. फडाच्या कडेला गुऱ्हाळ लागे. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत चढवून चुलवणात उसाच्याच चिपाडांचा जाळ घालीत. भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून काढून टाकीत. आणि पाक दाट होत आला की गुळव्या त्यातला थोडासा गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते की नाही हे बोटांनी पाही. ह्या एका क्षणाच्या पारखीवर ढेपेचा रंग, कणी आणि टिकाऊपणा अवलंबून असे. एवढ्या कसबाने सिद्ध झालेली ती ढेप बाजारात गेली की तिचे मोल मात्र दुसराच ठरवी. पावसाळी हवेत गूळ पाझरू लागतो, म्हणून तो फार दिवस राखून ठेवण्याची सोय नाही. शिवाय देणेकरी दाराशी उभे. जागतिक मंदीच्या काळात भाव कोसळले तेव्हा अनेकांच्या जमिनी गहाणखतांत अडकल्या. १९३२ साली साखरधंद्याला सरकारी संरक्षण मिळाले आणि साखर कारखानदारी फायद्याची झाली खरी. पण कारखाने खाजगी कंपन्यांचे होते, आणि कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेऊन त्या स्वतःच ऊस पिकवीत. जमिनीचा मालक आपल्याच शिवारात खंडकरी कंपनीच्या कामावर रोजाने जातो, असा विपरीत देखावा त्या पट्ट्यात दिसू लागला.

ह्याच पट्ट्यातल्या लोणी बुद्रुक गावी विठ्ठलराव विखे पाटील नावाचे एक शेतकरी होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच झालेले. पण सावकारी पाशाची जाण जिथे १८७५ सालचे शेतकऱ्यांचे दंगे घडले त्या जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तकातून मिळवावी लागत नव्हती. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे तिच्या अनुभवावरच कारखान्याचा विचार उभा राहिला, म्हणून ह्या पतपेढीला मी कारखान्याच्या यंत्रांइतकेच महत्त्व देतो: परस्परांच्या जबाबदारीवर कर्ज काढावे, ते वेळेवर फेडावे, वहीतली नोंद चार माणसांसमोर वाचून दाखवावी, ही शिस्त गावाच्या अंगवळणी पडायला पाव शतक मिळाले. सहकारी कायदा १९०४ पासून होता; तो लोकांच्या व्यवहारात उतरायला अशी माणसे लागली.

दुसरे नाव पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांचे. १९४५ साली दक्षिणेतल्या कालव्यांवरील बागाइतदारांची परिषद बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि उसाच्या भावाचा प्रश्न कंपन्यांकडे अर्ज-विनंत्या करून सुटणार नाही, शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना उभारला पाहिजे, असा विचार तिथे ठामपणे मांडला गेला. एक विद्यापीठीय पंडित आणि एक नांगरधारी शेतकरी ह्यांचे जे सख्य पुढे जमले, तसे सख्य आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोडे झाले.

कारखाना उभारणे म्हणजे आधी भांडवल उभारणे. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव, वस्तीवस्तीवर हिंडून भाग गोळा करू लागले, तेव्हा दाखवायला त्यांच्यापाशी इमारत नव्हती की यंत्र नव्हते. शेतकऱ्याचे डोके ते कारखाना चालवायला पुरे पडणार काय, असे विचारणारे शहाणे मात्र पुष्कळ होते. भागाच्या रकमेसाठी घरातले दागिने गहाण पडल्याच्या आठवणी त्या भागात पुढेही सांगितल्या जात राहिल्या. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांनी योजनेला पाठबळ दिले. सरकारने स्वतः भाग घेतले. नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली, गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष झाले, आणि लोणीजवळच्या माळरानावर १९५० च्या डिसेंबरअखेर पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच असा एक सहकारी कारखाना निघाला होता, तेव्हा ‘पहिला’ हा मान कोणाचा ह्याविषयी वाद घालता येईल. पण पुढच्या शेकडो कारखान्यांना वळण दिले ते प्रवरेच्या कारखान्याने, ह्यात वाद नाही.

हे वळण कोणते? ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते. म्हणून तो ताजा गाळावा लागतो, आणि कारखान्याची भूक हंगामभर न थांबता भागवावी लागते. खाजगी मालकाला ही हमी हवी म्हणून तो जमीनच ताब्यात घेई. सहकारी संस्थेने तीच हमी जमीन न घेता मिळवली. सभासदाने भागाबरोबर ऊस घालण्याचा करार करायचा, संस्थेने तो ऊस गाळण्याचे बंधन पत्करायचे, कोणाच्या शेताला तोड केव्हा लागणार हे लागणीच्या नोंदीवरून ठरवायचे आणि गाडी काट्यावर वजन करून घ्यायची. सर्वसाधारण सभेत मात्र दोन एकरवाल्याला आणि पन्नास एकरवाल्याला मत एकच. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. ती विकून, खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा जाता, उरेल तो पैसा नफा म्हणून भांडवलाकडे न जाता उसाचा भाव म्हणून शेताकडे परत जायचा. चिपाड बॉयलरात जळून कारखान्याला वाफ पुरवी, मळीला गिऱ्हाईक मिळे. पूर्वी ज्याच्या त्याच्या गुऱ्हाळात हे सारे विखुरलेले होते.

भावातूनच थोडी कपात करून सामाईक कामांचे निधी साठले, १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली, पुढे रुग्णालय आले. वारणेला, माळेगावला, कोपरगावच्या पट्ट्यात लोकांनी ह्याचेच अनुकरण केले. त्या कारखान्यांच्या सत्तेचे पुढे काय झाले, ते सांगायला निराळा लेख लागेल.

एक गोष्ट मात्र इथेच सांगितली पाहिजे, कारण ती आरंभापासूनच ह्या रचनेत आहे. सभासद व्हायला ऊस पाहिजे, आणि उसाला जमीन व पाणी पाहिजे; तेव्हा ज्याच्यापाशी दोन्ही नाही तो ह्या सामाईक मालमत्तेच्या बाहेर राहिला. बीड आणि पाथर्डीकडच्या कोरडवाहू मुलखातून दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या येतात, कोप्या घालून राहतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, गाडी भरणे, आणि त्यांच्या हाती मजुरीपलीकडे जनावरांसाठी वाढे तेवढे लागतात. उचल घेण्यासाठी मुकादमाकडे जाणे आणि पूर्वी बागाइतदाराने सावकाराच्या ओसरीवर जाणे ह्यांत मला फरक दिसत नाही. पतपेढी काढून, भाग गोळा करून ज्यांनी तो पाश तोडला, त्यांच्या वारसांच्या वार्षिक सभेत ह्या कोयत्याला आजही मत नाही. त्याच्या दराचा करार सभेबाहेर, साखर संघ आणि मजुरांच्या संघटना ह्यांच्यात दर काही वर्षांनी होतो, आणि तो होईपर्यंत पुष्कळदा संप करावा लागतो.