तीन बोटं

बार्शीला गेले ते तिथल्या जुन्या नोंदींपायी. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंद इथे १९८७पासून ठेवली जाते; देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. नोंद करणारी माणसं गावोगाव बैठका घेऊन लक्षणंही सांगत. तेवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने हे होतं कसं, ते पाहायचं होतं.

बार्शीजवळच्या एका गावात ओसरीवर तोंडाची तपासणी चालली होती आणि मागच्या चुलीवर तव्यात तंबाखू भाजत होती. मिसरी. तिने दात घट्ट राहतात, पोट साफ होतं, असं सगळ्या सांगत होत्या. तो करपट वास डोक्यात जात होता.

नाव, वय, व्यसन लिहून झालं की आशाताई म्हणायच्या, "तीन बोटं घाला तोंडात, उभी." स्वतःची तीन बोटं गेली तर ठीक. "गुटखा खाणाऱ्या पोरांची दोनच जातात," त्या म्हणाल्या. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. पुड्या पायरीवरच पडल्या होत्या.

एका आजींची तीन बोटं गेली. पण मिसरी दाबतात त्या गालात, बॅटरीच्या उजेडात पांढरा चट्टा दिसला. ताईंनी गॉजने पुसला, निघाला नाही.

"दुखत न्हाई की गं."

"दुखत नाही तोवरच दाखवायचं, आजी."

"तिथं तुकडा काढत्यात. सुरी लागली की पसरतंय. जावंचं तसंच झालं."

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येतं. पण जाऊ दवाखान्यात गेली ती गालाला भोक पडल्यावर. ऑपरेशन झालं, वर्षाच्या आत ती गेली. गावाला सुरी दिसली. आधीचा उशीर कुणी मोजला नाही. आणि अंग चालतंय तोवर खुरपणीचा खाडा करणं कुणाला परवडतं?

भिंतीवर सडलेल्या तोंडाचं पोस्टर होतं. कॅन्सर म्हणजे मरण, हे गावाला आधीच ठाऊक असलेलं तेवढं ते सांगत होतं.

ताईंनी पोस्टर दाखवलं नाही, वादही घातला नाही. वरच्या आळीतल्या एका बाईचं नाव घेतलं. तिचा असाच चट्टा वेळेत काढला होता. ती आजही खुरपायला जाते.

"तिची तीन बोटं जात्यात?" आजींनी विचारलं.

"तिलाच विचारा."

ती बाई सोबत येणार असेल तर बुधवारी बार्शीला जायचं, एवढं आजींनी कबूल केलं.